लाकडावर वाढवा मत्स्यटाकीतील वनस्पती

पोशेरा परिसरात पावसाळ्यात आंब्याच्या खोडावर बाशिंग नेचे आणि आमरी वाढलेली तुम्ही पाहता. त्यांना जमिनीतली माती लागत नाही. खोडाचा आधार, ओलावा आणि सावली पुरते. मत्स्यटाकीत लाकडावर बांधायच्या वनस्पतींचा स्वभावही असाच आहे. कमी उजेडात त्या तग धरतात, म्हणून नवख्या हौशी माणसाला त्या सोयीच्या पडतात. घराच्या पडवीत एका टबात हा जोडधंदा करून पाहता येतो.

वनस्पतींची निवड

- जावा फर्न : मूळ आग्नेय आशियातील. बाशिंगाच्याच कुळातील नेचे. जुन्या पानांवर पिल्ले येतात.
- अनुबियस नाना : मूळ पश्चिम आफ्रिकेतील, अळू-सुरणाच्या कुळातील. वाढ सावकाश, एक नवे पान यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात.
- जावा मॉस : लाकडावर पातळ थर पसरून बांधावे.

सुरुवातीची रोपे विकत घ्यावीत. ओढ्यातील वनस्पती उपटून आणू नयेत.

लाकूड

स्वतःच्या बांधावरील छाटणीचे कठीण, पूर्ण वाळलेले लाकूड वापरावे. चीक किंवा डिंक असलेले, कुजलेले लाकूड टाळावे. नदीला वाहून आलेले लाकूडही उचलू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मालकी सिद्ध होईपर्यंत असे लाकूड सरकारचे मानले जाते. साल काढून लाकूड एक-दोन तास उकळावे आणि तळाशी बसेपर्यंत भिजत ठेवावे. पाण्याला चहासारखा रंग येतो. त्याने नुकसान होत नाही.

बांधणी

हळद-आले लावणाऱ्या हाताला कंद पुरायची सवय असते. इथे तीच सवय नडते. जावा फर्न आणि अनुबियसचे आडवे खोड वाळूत पुरले की कुजते व रोप मरते. खोड लाकडावर उघडे ठेवून सुती दोरा किंवा तंगुसाने हलके बांधावे. मुळे लाकडाला धरेपर्यंत हलवू नये. अभिवृद्धीसाठी खोडाचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पाने ठेवावीत.

काळजी

- पाण्याचे तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे. उन्हाळ्यात टब थंड सावलीत हलवावा.
- दिवा सहा ते आठ तास पुरे. जास्त उजेडात पानांवर शेवाळ चढते.
- टीसीएल टाकलेले पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरावे.
- शेणखत, युरिया घालू नये. बोर्डो किंवा कीटकनाशकाची बादली टबासाठी वापरू नये.
- ५० लिटरच्या टबात आठवड्याला १२ लिटर पाणी बदलावे. एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते, तेव्हा काढलेले पाणी परसातील भाजीला द्यावे.

विक्री

पाण्याबाहेर वाढवलेल्या रोपाची जुनी पाने पाण्यात गेल्यावर गळू शकतात. म्हणून विक्रीआधी रोप तीन-चार आठवडे पाण्याखाली ठेवावे. नाशिक किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील दुकानदारांना चार-पाच नमुने दाखवून भाव व मागणी विचारावी, मगच दुसरा टब घ्यावा. विकताना ग्राहकाला एवढे आवर्जून सांगावे : खोड वाळूत पुरू नका. रोप जगले तरच तो ग्राहक पुन्हा येईल.