बावन्न पायऱ्या आणि एक नवस

मैत्रिणींनो, खरं सांगा, गेल्या आठवड्यात तुम्ही किती चाललात?

"अहो, दिवसभर पायाला भिंगरी असते आमच्या!" असं तुम्ही लगेच म्हणाल. ते खरंच आहे. ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून गॅलरीपर्यंत, शाळेची बस, दळण, भाजी, वाण्याचं दुकान. पण या चालण्यात आपलं असं काही असतं का? प्रत्येक फेरीच्या टोकाला कुणाचं तरी काम असतं. नुसतं चालायचं म्हणून, आजूबाजूला बघत, दोघी-तिघींनी मिळून शेवटचं कधी चाललात ते आठवून बघा.

मला तरी आठवेना. आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो सासूबाईंमुळे. माझी भाची युरोपात जाऊन आली होती. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्सच्या कुशीत, दक्षिण टायरोल नावाचा मुलूख आहे. उतारावर द्राक्षांचे मळे, मळ्यांमधून चालायच्या आणि सायकलच्या वाटा, आणि मधूनच टेकडीवर जुना गढीवजा किल्ला. तिनं फोटो दाखवले. त्यात साठी-सत्तरीच्या बायका हातात काठी घेऊन मजेत चालल्या होत्या. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडे नाही का गं असं काही? थोडं चालायचं, थोडं बसायचं, किल्ला बघायचा?"

विचार केला आणि वज्रेश्वरी आठवली. ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी. तिथं द्राक्षं नाहीत, पण भाताची खाचरं आहेत, डोंगर आहे, नदी आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत. आणि किल्लाही आहे, निदान किल्ल्यासारखं देऊळ तर नक्कीच! वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की रमतगमत अर्ध्या दिवसात पायी पाहून होतात. बहुतेक लोक गाडीनं जातात, दर्शन घेतात आणि परत फिरतात. मीही दोनदा तसंच केलं होतं. या वेळी ठरवलं, चालायचं.

"पण तुमचे गुडघे?" मी विचारलं. "बसेन की मध्ये मध्ये," त्या म्हणाल्या. "तू घाई करू नकोस म्हणजे झालं."

किल्ल्यासारखं देऊळ कसं?

या देवळाची गोष्ट मुलांनाही सांगण्यासारखी आहे. वसईचा किल्ला १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता. १७३७ मध्ये बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी तो मुलूख सोडवायची मोहीम काढली. किल्ला मोठा चिवट होता, काही केल्या हाती येईना. अप्पांचा तळ याच भागात होता. 'वसई सर झाली तर तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन,' असा नवस त्यांनी देवीला केला, असं सांगतात. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली आणि नवस फेडला गेला.

म्हणूनच हे देऊळ दगडी तटबंदीच्या आत, उंचावर आहे. दारावर नगारखाना आहे. वर जायला दगडी पायऱ्या आहेत, बावन्न. एका पायरीवर सोनेरी कासव आहे, त्याला हात लावूनच सगळे पुढे जातात. इंद्रानं फेकलेलं वज्र देवीनं गिळून टाकलं म्हणून ती वज्रेश्वरी, अशी नावामागची कथा आहे. चैत्र अमावास्येला मोठी जत्रा भरते. नवरात्रातही गर्दी असते. शांतपणे चालायचं असेल तर हे दिवस टाळा.

सासूबाई पंचवीस पायऱ्या चढल्या आणि टेकल्या. मीही शेजारी बसले. मी सहज विचारलं, "आई, तुम्ही इथे कधी नवस केला होता का?"

"दोनदा," त्या म्हणाल्या. "एकदा तुझ्या सासऱ्यांची नोकरी कायम व्हावी म्हणून. आणि एकदा याच्या मॅट्रिकसाठी."

"आणि स्वतःसाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले. "स्वतःसाठी? ते कधी सुचलंच नाही गं."

मैत्रिणींनो, त्या पायरीवर बसून मी माझे नवस मोजले. मुलीचा ताप, यांची बदली, दिराचं लग्न, भावाचं घर. माझ्यासाठी एकही नव्हता. तुम्हीही मोजून बघा. हिशेब फारसा वेगळा निघणार नाही.

वाटेवर

दर्शन घेऊन आम्ही अकलोलीकडे निघालो. मार्गशीर्षाचे दिवस होते. भाताची कापणी होऊन गेली होती, खाचरांत वाल उगवून आला होता आणि सकाळचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालायला उत्तम. पावसाळ्यात हिरवंगार असतं, पण तानसेला पाणी चढतं तेव्हा नदीत उतरायचा मोह आवरा. जूनमध्ये गेलात तर वाटेवर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसलेल्या दिसतील. ती घेताना बरोबर काकडंही मागून घ्या. त्यांच्या आंबट रसानंच शेवळाची खाज जाते, नाहीतर घरादाराचे घसे खवखवतील!

डांबरी रस्त्यावरून चालताना उजव्या बाजूनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सावली दिसली की थांबा. आम्ही तर दर दहा मिनिटांनी थांबत होतो.

अकलोलीला नदीकाठी रामेश्वराचं देऊळ आणि गरम पाण्याची कुंडं आहेत. पाणी गरम कसं, हे मुलं हमखास विचारतात. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. वर येताना खडकातले क्षार, गंधक घेऊन येतं. म्हणून तो विशिष्ट वास. पालीजवळचं उन्हेरे, संगमेश्वराकडचं तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे, ही सगळी कोकणातल्या याच पट्ट्यातली भावंडं.

तिथून गणेशपुरी. नित्यानंद महाराजांचं इथं अनेक वर्षं वास्तव्य होतं आणि १९६१ मध्ये त्यांनी इथंच देह ठेवला. कर्नाटक-केरळातूनही भक्त येतात, म्हणून कानावर कानडी आणि मल्याळी पडतं. भीमेश्वराच्या देवळाजवळ इथंही गरम कुंडं आहेत. सासूबाईंनी पाय सोडून बसायला हीच जागा निवडली.

कुंडात उतरताना

* आधी हातानं पाणी बघा. सगळी कुंडं सारखी गरम नसतात.
* दहा-पंधरा मिनिटं पुरे. पोट अगदी रिकामं नको आणि जेवल्या-जेवल्याही नको.
* रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली असेल तर भाजलेलं कळत नाही, तेव्हा फार जपा.
* अंगावर जखम असेल तर कुंडापासून लांब राहा. साबण तर कुणीच लावू नये.
* गुडघ्यांना शेकानं आराम पडतो, पण दुखणं मुळातून जात नाही. चालू असलेली औषधं बंद करू नका.
* पैंजण, जोडवी आधी काढून ठेवा. गंधकानं चांदी काळी पडते. विसरलात आणि काळी पडलीच, तर पातेल्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरा, त्यावर दागिने ठेवून कढत पाणी ओता आणि चमचाभर खाण्याचा सोडा घाला. दहा मिनिटांत लख्ख होतील. खड्याचे दागिने मात्र यात घालू नका.

निघण्यापूर्वी

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड किंवा विरारला उतरून पुढे एस.टी. किंवा रिक्षानं जाता येतं. मध्य रेल्वेवाल्यांनी ठाणे, भिवंडी, अंबाडीमार्गे यावं. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट मिळू लागलं, तेव्हा खर्चाची सबब आता उरलेली नाही.

नव्या चपला घालून जाऊ नका, रुळलेल्याच घाला. एक सुती कपड्यांचा जोड, पंचा, पाण्याच्या बाटल्या घ्या. डब्यासाठी आदल्या दिवशी दशम्या करा. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत तिळाची चटणी आणि गुळाचा खडा. आम्ही घरात फक्त वरण-भाताचं सामान काढून ठेवलं होतं आणि "कुकर लावा" एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी आलो तेव्हा वरण तळाला लागलं होतं, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग होता आणि बापलेक टीव्ही बघत बसले होते. कुणी उपाशी राहिलं नव्हतं. मी भांड्यांकडे बघितलं आणि पदर खोचू लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. ज्यांनी केली, ते घासतील." आणि खरंच त्यांनी घासली!

एक सांगायचं राहिलं. देवळातून उतरताना सासूबाई कासवाच्या पायरीवर पुन्हा थांबल्या होत्या. डोळे मिटून, हात जोडून. "काय मागितलंत?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी या पायऱ्या चढायला पायात बळ राहू दे म्हटलं. माझ्याच पायांत."

आता त्या रोज संध्याकाळी अर्धा तास चालतात. मला वेळ असो नसो, हाक मारतात. परवा तर म्हणाल्या, "देवी तिचं करील. पण चालायचं आपल्यालाच आहे ना?"

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या हिवाळ्यातला एक दिवस काढा. सासूबाईंना, आईला, शेजारणीला, कुणालाही बरोबर घ्या. आणि त्या बावन्न पायऱ्या चढल्यावर एक मागणं फक्त स्वतःसाठी मागा. देवीला राग येणार नाही.