पान टाकून उन्हाळा काढणारी बोर

लग्न होऊन माणदेशात आले त्या वर्षी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मुरमाड माळ दाखवत सांगितलं होतं, "पान टाकून जे झाड उन्हाळा काढतंय, त्येच हितं जगतंय." मी ते कानाआड केलं. रोपवाटिकेतून बोरीची साठ कलमं आणली, पहिला उन्हाळा हंड्यांनी पाणी घालून काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि निम्म्याहून जास्त कलमं वाळली. बांधावरच्या रानबोरीला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. पहिला वळीव पडताच ती हिरवी झाली.

वाळलेलं एक कलम मी खणून काढलं. पिशवीत वाढताना सोटमूळ तळाला टेकून वळलं होतं, आणि जमिनीत गेल्यावरही तसंच वेटोळं घालून बसलं होतं. बोरीचा जीव त्या सोटमुळात असतो. मुरमाच्या फटीतून ते सरळ खोल उतरलं, तरच झाड स्वतःचं पाणी स्वतः शोधतं.

तेव्हापासून मी बोर जागेवरच करते. वीस-वीस फुटांवर, दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन ते शेणखत-मातीने भरून ठेवते. रानबोरीच्या आठळ्या मिठाच्या पाण्यात टाकते. तरंगतात त्या पोकळ. बुडालेल्यांचं कवच हलक्या हातानं फोडलं की बी लवकर रुजतं, नाहीतर तीन-चार आठवडे वाट बघावी लागते. खड्ड्यात दोन-तीन बिया टाकून जोमदार रोप तेवढं ठेवते. पुढच्या पावसाळ्यात खुंट पेन्सिलीएवढा झाला की त्यावर चांगल्या वाणाचा डोळा ठिगळ पद्धतीनं भरते. डोळ्याखालचे धुमारे मात्र सतत काढावे लागतात, नाहीतर रानबोरच वरचढ होते.

वाण निवडताना फळाच्या आकाराला भुलू नये. उमराणाचं बोर मोठं आणि देखणं, पण उशिरा पिकतं. उथळ जमिनीतली ओल तोवर संपलेली असते. राजस्थानात शेतकरी लावतात तो 'गोला' लवकर पिकतो, म्हणून कमी पावसाला चालतो. आमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणून माझा कल लवकर येणाऱ्या वाणाकडे आहे.

बोरीचं वर्षच पावसाला धरून चालतं. फूल पावसाळ्यात, फळ थंडीत आणि कडक उन्हाळ्यात विश्रांती. एप्रिल-मेमध्ये छाटणी करायची, कारण फळ नव्या फुटीवरच लागतं. छाटलेल्या काट्यांची वई लहान रोपांभोवती केली की शेळ्या तोंड लावत नाहीत. सीताफळही असंच पान टाकतं, शिवाय त्याचा पाला शेळ्या खात नाहीत. डाळिंबाचं वेगळं. त्याचं झाड ताण सोसतं, पण पाणी कमी-जास्त झालं की फळ तडकतं. झाड जगणं आणि बाजारात विकण्याजोगं फळ देणं या दोन गोष्टी आहेत, आणि कलमं घेताना हे कुणी सांगत नाही म्हणून मी भेटेल त्याला सांगते.

यंदा संक्रांतीनंतर नातवाचं बोरन्हाण घरच्या बोरांनी केलं. त्यात मुद्दाम रानबोरं मिसळली होती. पोरांनी खाऊन टाकलेल्या आठळ्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, वेचून, धुऊन सावलीत वाळवल्या आहेत. पूर्वेच्या माळावर अजून बारा खड्डे रिकामे आहेत.