पोटाच्या दुखण्याचा खाडा कुणाच्या वहीत?

खताची गोणी केवढ्याला पडली, लावणीला मजूर किती लागले, हे शेतकरी तोंडपाठ सांगतो. पण वर्षभरात घरात पोटं किती वेळा बिघडली आणि त्यापायी पैसे किती गेले, असे विचारा. "ते काय लिहून ठेवायचं?" हेच उत्तर मिळते. हगवण, मुरडा, उलटी म्हणजे जणू घरचेच पाहुणे!

सीवूड्सचे उदाहरण मुद्दाम घेतो. आज तिथे टॉवर आणि मॉल दिसतात; जमीन मात्र मूळची करावे, दारावे या आगरी-कोळ्यांच्या गावांची. 1970 मध्ये सिडको आली आणि पुढे संपादनात भातखाचरे, मिठागरे गेली. शेती होती तेव्हा एक जण आडवा झाला तर दुसरा बांधावर जाई, कणगीत भात असे. रोजंदारी, रिक्षा किंवा मासळीच्या पाटीवर घर चालते तिथे माणूस पडला की त्या दिवसाची कमाई शून्य.

हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून पाहावेत. रोज 600 रुपये, जुलाबाने तीन दिवस खाडा, म्हणजे 1800. डॉक्टर, सलाइन, गोळ्या 900. आजाऱ्याजवळ बसायला दुसऱ्याचा एक दिवस बुडाला, 500. झाले 3200. यात औषधपाणी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, बाकी सगळा बुडालेला रोज. वर्षातून दोनदा असे झाले तर 6400 आणि 200 घरांच्या गावात 12 लाख 80 हजार. पंचायतीच्या अंदाजपत्रकात याला रकानाच नाही, कारण पैसा ज्याच्या त्याच्या खिशातून जातो.

नवी मुंबईचे पाणी मोरबे धरणातून येते, भोकरपाड्याला शुद्ध होते. पण कुठल्याही गावठाणात नळाची लाइन गटाराला चिकटून असेल आणि सांधा गळका असेल, तर पाणी बंद होताच दाब जातो आणि घाण आत ओढली जाते. म्हणून पहिली बादली पिण्याला घेऊ नये.

आपल्या खेड्यांत तर टाकीवरच चुकते. टीसीएल पावडर 1000 लिटरला 5 ग्रॅम, आणि मिसळल्यावर अर्धा तास तरी थांबून पाणी सोडायचे. ओटी चाचणी गावातल्या शेवटच्या नळाला घ्यायची असते. टाकीखालीच पिवळा रंग दाखवून मोकळे होणारे पाहिलेत! पावडरीचे पोते दमट खोलीत उघडे राहिले तर क्लोरीन उडतो आणि उरतो नुसता चुना. ग्रामसेवकांनी एकदा पोत्यात डोकवावे.

जुलाब लागले की "सलाइन लावा" हा आग्रह बहुतेक वेळा खर्चिकच. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आले. तीच आजची ओआरएसची पुडी, आशाताईंकडे फुकट मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ जास्त नको. लहान मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नयेत. अंगावरचे दूधही चालूच ठेवावे.

मात्र शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, लघवी बंद किंवा मूल मलूल झालेले दिसले तर घरी थांबू नये, तडक दवाखाना गाठावा.