थेंब मोजा, रंग वाचवा

दिवाळी जवळ आली, की आमच्या वैरागमध्ये मी किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणि पणत्या रंगवून चार पैसे मिळवते. या कामात खरा तोटा होतो तो सुकलेल्या रंगाने. अ‍ॅक्रेलिक रंगातलं पाणी एकदा उडालं, की तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. रुंद तोंडाची बाटली सारखी उघडली, की नफा बाटलीतच वाळतो!

म्हणून मी नवा रंग आणला, की लगेच ड्रॉपरच्या बाटलीत भरते. बाटली धुऊन पूर्ण वाळवायची. रंग तळापासून ढवळून बिनसुईच्या सिरिंजने हळूहळू भरायचा. फार घट्ट वाटला तर दोन-चार थेंब पाणी, जास्त नको. आत एक काचेचा मणी टाकला, की बाटली हलवताना खाली बसलेला रंग मिसळतो. शिवाय थेंब मोजता येतात. पिवळ्या-तांबड्याचं माप एकदा वहीत लिहिलं, की शेवटच्या मावळ्याचा फेटाही पहिल्यासारखाच केशरी!

मात्र मैत्रिणींनो, डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली यासाठी मुळीच घेऊ नका. घाईत कुणी तोच थेंब डोळ्यात घातला तर? ती सिरिंजही परत औषधाला वापरायची नाही. प्रत्येक बाटलीवर नाव चिकटवा आणि रंग मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे, औषधांपासून लांब ठेवा.