मेंदूला रक्त कमी पडलं, तर वयाप्रमाणे काय बदलतं?

परळला वाडियाचं प्रसूतिगृह, वाडियाचं लहान मुलांचं रुग्णालय आणि केईएम ही तिन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. मेंदूला रक्त कमी पडलेलं तासाभराचं बाळ आणि लकवा मारलेले सत्तरीचे आजोबा एकाच वेळी या आवारांत असू शकतात. संकट दोघांवर एकच, पण मेंदूतल्या पेशी मरण्याची रीत आणि वेळ वेगळी. ती समजून घेतली, तर घरच्यांच्या हातून जाणारा मोलाचा वेळ वाचतो. म्हणून क्रमाने पाहू.

१. रक्त घटतं तेव्हा

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास २० टक्के त्यालाच लागतो. शिल्लक साठा जवळजवळ नसतोच. प्रौढ माणसाच्या मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त वाहतं. ते २० च्या खाली आलं की पेशींचं काम थांबतं. १० च्या खाली गेलं की काही मिनिटांत त्या मरू लागतात.

२. मधला पट्टा

या दोन आकड्यांच्या मधल्या पेशी बंद पडलेल्या, तरी जिवंत असतात. डॉक्टर या भागाला ‘पेनम्ब्रा’ म्हणतात, म्हणजे अजून वाचवता येण्यासारखा भाग. लकव्याच्या पहिल्या तासांतली सगळी धावपळ त्याच्यासाठीच असते.

३. नवजात बाळ

बाळाच्या मेंदूला ऊर्जा कमी लागते आणि साखर कमी पडली तर तो इतर इंधनावरही काही काळ तग धरतो. त्यामुळे प्राणवायूचा तुटवडा तो मोठ्यांपेक्षा जास्त वेळ सोसतो. पण त्याच्या पेशी शिकण्यासाठी सज्ज, म्हणून अतिशय संवेदनशील असतात. संदेश पोचवणारं ग्लुटामेट हे रसायन अति झालं की त्या पेशींत कॅल्शियम शिरतं आणि नुकसान सुरू होतं.

इथेच घरचे फसतात. बाळ उशिरा रडलं, रंग गुलाबी झाला, की ‘आता सगळं ठीक’ असं वाटतं. प्रत्यक्षात सुमारे सहा तासांनंतर, पुढच्या दोन-तीन दिवसांत नुकसानीची दुसरी लाट येऊ शकते. तीत बऱ्याच पेशी ‘अपॉप्टोसिस’ने जातात, म्हणजे पेशी स्वतःच स्वतःला मोडून टाकते. म्हणून डॉक्टर बाळाला ठेवून घेतात, तेव्हा घरी नेण्याची घाई करू नये.

ही लाट थोपवण्यासाठी पहिल्या सहा तासांत बाळाचं तापमान ३३.५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणून ७२ तास ठेवण्याचा उपचार आहे. श्रीमंत देशांत त्याचा फायदा दिसला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत अपंगत्व किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. आपल्या शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय त्या चाचणीत होतं. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा बाळाला थंड करायचं की नाही, हा निर्णय तज्ज्ञांचाच. घरी बाळाला गार ठेवण्याचा प्रयोग कधीही करू नये.

काही नुकसान उशिरा कळतं. वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक खेळणं एकाच हाताने उचलत असेल, दुसरी मूठ मिटलेलीच असेल, तर ‘डावखुरा होणार’ म्हणून सोडून देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

४. तरुण आणि मध्यमवय

या वयात रक्ताच्या आडवाटा, म्हणजे मुख्य वाहिनी बंद पडल्यावर दुसरीकडून रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या, बहुधा चांगल्या असतात. मधला पट्टा थोडा जास्त टिकतो. पण कवटीत मोकळी जागा कमी, त्यामुळे मोठ्या झटक्यानंतरची सूज तरुणाला अधिक धोक्याची. ‘या वयात लकवा कसा होईल?’ हा प्रश्नच उशीर करवतो.

५. उतारवय

वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने बारीक वाहिन्या कडक होतात, आडवाटा आटतात, पेशींची दुरुस्ती मंदावते. मधला पट्टा भराभर मरतो. म्हणून आजोबांच्या बाबतीत अर्धा तासही लहान नाही. पण ‘आता वयच झालं’ म्हणून थांबू नका: गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा फायदा ऐंशीच्या पुढच्यांनाही होतो.

६. घरी काय चुकतं

लालबागच्या चाळीत सकाळी सहाला आजोबांच्या हातून चहाचा कप निसटतो, तोंड वाकडं दिसतं, शब्द अडखळतात. कुणी तेल चोळतं, कुणी पाणी पाजतं, कुणी ‘जरा पडू द्या’ म्हणतं. यातलं काहीच करू नये. गिळता येत नसेल तर पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. रक्तदाबाची जादा गोळी किंवा ॲस्पिरिनही आपल्या मनाने देऊ नये. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

७. वेळ कशी मोजायची

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास कप निसटला तेव्हापासून नव्हे, तर माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. आजोबा रात्री साडेदहाला नीट बोलून झोपले असतील, तर डॉक्टरांना साडेदहाच सांगा. मुदत टळली असं वाटलं तरी निघाच. निवडक रुग्णांत नळीने गुठळी काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो.

१०८ ला फोन करा, सीटी स्कॅन चोवीस तास चालणारं जवळचं रुग्णालय विचारा, चालू औषधांची पिशवी सोबत घ्या. असं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधून नंबर दाराजवळ लिहून ठेवा.