बीडच्या कानाने ऐकलेलं वर्ष

२०२२ सालच्या संगीताचा आढावा घ्यायचा तर सुरुवात ६ फेब्रुवारीपासूनच करावी लागते. त्या दिवशी लतादीदी गेल्या आणि पुढे कितीतरी दिवस दुसरं काही लावावंसं वाटेना. मे महिन्यात पंडित शिवकुमार शर्मा गेले, महिनाअखेरीस केके, जुलैत भूपिंदर सिंग. माइकसमोर बसणाऱ्यांचं निम्मं वर्ष श्रद्धांजलीतच सरलं. तरी या वर्षाने नवं दिलं, आणि त्यातलं काही टिकेल अशी माझी खात्री आहे. ही निवड बीडमध्ये बसून केलेली आहे. इथे दसरा झाला की धारूर, वडवणी, शिरूर कासारकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि ट्रॅक्टरवरच्या स्पीकरमधून रात्रभर गाणी वाजत राहतात. त्या गर्दीत जे गाणं कानाला चिकटतं, त्याची परीक्षा पुण्या-मुंबईच्या स्टुडिओपेक्षा कठीण असते.

संपूर्ण अल्बम म्हणून माझ्या लेखी २०२२मध्ये पहिला मान 'मी वसंतराव'चा. १ एप्रिलला चित्रपट आला. गायक वसंतराव देशपांड्यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आणि संगीतही त्यांनीच दिलं. आजोबांचा गळा नातवाने गायचा म्हणजे नकलेचा मोह पावलोपावली. राहुल तो टाळतात. वसंतरावांची तान जिथे अनपेक्षित वळते, तिथे ते आपलं वळण घेतात. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे शिकलेला मारवा राग, लष्करी हिशेब खात्यातली नोकरी, आणि नंतर 'कट्यार काळजात घुसली' नाटकातले खाँसाहेब, हा सगळा प्रवास ऐकताना कळत जातो. ख्यालापासून लावणीपर्यंतचं सगळं एका माणसाच्या आयुष्यात मावतं, म्हणून हा अल्बम सुटी गाणी निवडून नव्हे, सलग ऐकावा. जुलैत जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राहुल यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान मिळाला, तो रास्तच.

'चंद्रमुखी'तल्या 'चंद्रा'ने मात्र गावोगाव धुमाकूळ घातला. अजय-अतुल यांचं संगीत, गुरू ठाकूर यांचे शब्द, श्रेया घोषाल यांचा आवाज. लग्नाच्या वरातीत, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिथे जावं तिथे तेच गाणं. माझं मन मात्र आर्या आंबेकर यांच्या 'बाई गं'वर अडकलं. तिथे वाद्यं मागे सरतात आणि आवाजाला एकटं सोडतात. 'चंद्रा'त वाद्यमेळ इतका दाट आहे की ढोलकीचा तोडा ऐकायला कान ताणावे लागतात, आणि लावणीत ढोलकी दबली की माझा जीव हळहळतो. याच वर्षी सुलोचना चव्हाण यांना पद्मश्री मिळाली. डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गाणाऱ्या या बाई शब्दाचं शेवटचं अक्षर असं तोडून टाकायच्या की नाचणारीचा ठसका नुसत्या आवाजात दिसायचा. त्यांचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण आणि लगोलग 'चंद्रा' असं ऐकून पाहा. लावणी कुठून कुठे आली, ते दहा मिनिटांत उमगेल.

'झुंड' हा चित्रपट हिंदी असला तरी गाणी आपल्या मातीतली आहेत. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, विजय बारसे यांचा फुटबॉल, आणि मध्ये आंबेडकर जयंतीची मिरवणूक. १४ एप्रिलची मिरवणूक ज्याने एकदा अंगावर घेतली आहे, त्याला तो ठेका ओळखीचा वाटणारच. 'पावनखिंड'मधलं 'युगत मांडली' गोंधळाच्या बाजाचं आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी आणि तुळजापूर या दोन्हींच्या मधल्या मुलखात संबळ घुमला की माणूस थांबतोच.

परदेशातून आलेल्यापैकी एकच सांगतो. गायिका अरूज आफताब यांच्या 'मोहब्बत'ला एप्रिलमध्ये ग्रॅमी मिळालं. गझल हफीज होशियारपुरींची, मेहदी हसन यांनी पूर्वी गाजवलेली. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या आमच्या जिल्ह्यात उर्दू परकी नाही. जुन्या बीड शहरात ती आजही घराघरात बोलली जाते, आणि ही गझल इथे समजून ऐकली जाते.

आता ज्या ध्वनिमुद्रणाला मी या साऱ्यांच्या वर ठेवतो, ते २०२२चं नाही आणि बाजारात अल्बम म्हणून मिळतही नाही. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायकांनी जात्यावरच्या ओव्या गायल्या आणि त्या टेपवर उतरल्या. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी उभारलेल्या मोठ्या कामातला हा एक भाग. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या त्यांनी जमवल्या आणि आज 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाच्या संग्रहात त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. माजलगावच्या बायका बाबासाहेबांवर गातात. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती धरायची. मध्ये 'गं बाई' म्हणून दम घ्यायचा आणि पुन्हा तीच ओळ थोडी पुढे सरकवायची. ना तंबोरा ना पेटी, तरी सूर जागचा हलत नाही. मागे खोकला ऐकू येतो, पोराचा आवाज येतो. दळणाचा ठेका अंगात इतका मुरलेला की जातं थांबलं तरी ओवी त्याच चालीने फिरते. त्या ओळींत लग्न आहे, भूक आहे, बाबासाहेबांच्या रूपाने घरात आलेला अभिमान आहे. २०२२मधल्या कुठल्याही महागड्या स्टुडिओतून एवढं सत्य माझ्या कानावर आलं नाही.

पिठाच्या गिरण्या आल्या, जाती दारामागे गेली. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. दिवाळीला गावी आलेल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. आजीला, मावशीला, शेजारच्या म्हातारीला गायला बसवा आणि रेकॉर्ड करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या, मधे बोलू नका, आणि फाइल एका जागी ठेवून भागवू नका, दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा.