एका सामन्याचें गुणपत्रक

क्रीडासामन्याचें गुणपत्रक हेंहि एक वाचनीय साहित्य आहे असें आम्हीं म्हटलें, तर आमचे कित्येक वाचक हंसतील. नांवांपुढें आंकडे मांडलेले असतात. त्यांत वाचावयाचें तें काय? परंतु ज्यानें उभा जन्म विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका भरण्यांत घालविला, त्यास रकान्यांची भाषा थोडीबहुत समजूं लागते. म्हणून आज एका प्रसिद्ध गुणपत्रकाचें वाचन वाचकांच्या समवेत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत चॉकलेटच्या कारखान्यामुळें प्रसिद्ध असलेलें हर्शी नांवाचें गांव आहे. तेथें ता. २ मार्च १९६२ रोजीं फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स या दोन व्यावसायिक संघांत बास्केटबॉलचा सामना झाला. प्रेक्षक ४,१२४ होते. वॉरियर्स संघानें १६९ विरुद्ध १४७ गुणांनीं जय मिळविला, आणि त्यांपैकीं १०० गुण ७ फूट १ इंच उंचीच्या विल्ट चेंबरलेन या एकाच खेळाडूनें केले. एन. बी. ए. या व्यावसायिक मंडळाच्या सामन्यांत शतक गांठणारा दुसरा खेळाडू झालेला नाहीं. या सामन्याचें चलच्चित्र उपलब्ध नाहीं. अखेरच्या सत्राचें रेडिओवरील वर्णन तेवढें ध्वनिमुद्रित स्वरूपांत राहिलें आहे. सबब त्या रात्रीचा मुख्य साक्षीदार म्हणजे गुणपत्रकच होय.

प्रथम शतकाची फोड पाहूं. खेळ चालू असतां चेंडू टोपलींत पडला म्हणजे त्या काळीं दोन गुण मिळत. प्रतिपक्षानें नियमभंग केल्यास जी मुक्त फेक मिळे, तिचा एक गुण. चेंबरलेननें ६३ वेळां नेम धरला व ३६ वेळां साधला. त्याचे ७२ गुण झाले. ३२ मुक्त फेकींपैकीं २८ साधल्या. बेरीज बरोबर १००. चार सत्रांत त्यानें अनुक्रमें २३, १८, २८ व ३१ गुण केले. म्हणजे श्रम वाढत गेले तसा खेळहि चढत गेला. २७ वेळां त्याचा नेम चुकला, हेंहि त्याच ओळींत लिहिलेलें आहे.

या ओळींत आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो २८ चा आंकडा. मुक्त फेकींत चेंबरलेन जन्मभर कच्चा होता. त्या हंगामांत मात्र तो दोन्ही हातांनीं चेंडू गुडघ्यांपाशीं धरून खालून वर फेंकीत असे, आणि त्या हंगामांत शेंकडा ६१ फेकी त्यास साधल्या. हर्शी येथें तर हें प्रमाण शेंकडा ८७ च्या वर गेलें. पुढें त्यानें ही रीत टाकली. अशी फेक बायकी दिसते याची आपणांस लाज वाटे, असें त्यानें आत्मचरित्रांत स्वतःच लिहून ठेविलें आहे. परिणाम असा झाला कीं १९६७-६८ च्या हंगामांत त्याचें प्रमाण शेंकडा ३८ वर उतरलें. एवढा बलाढ्य पुरुष. परंतु ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्यापुढें तोहि वांकला!

आतां दृष्टि खालच्या ओळींकडे वळवूं. गाय रॉजर्स याचे गुण अवघे ११. परंतु दुसऱ्याच्या हातीं अचूक चेंडू देऊन गुण करविण्याचा जो रकाना असतो, त्यांत त्याच्या नांवापुढें २० हा आंकडा आहे. ॲल ॲटल्स यानें ८ वेळां नेम धरला आणि आठहि वेळां साधला. एक मुक्त फेक मिळाली, तीहि साधली. त्याच्या पत्रकांत चूक नाहीं, पण त्याचे १७ गुण कोणाच्या लक्षांत राहणार? जो रुक्लिक याच्या नांवापुढें गुणांच्या रकान्यांत शून्य आहे आणि साहाय्याच्या रकान्यांत एक. ज्या चेंडूवर चेंबरलेनचें शतक पुरें झालें, तो चेंडू याच रुक्लिकनें त्याच्या हातीं दिला होता. पराभूत पक्षाकडेहि रिची गेरिन याचे ३९, क्लीव्हलंड बकनर याचे ३३ व विली नॉल्स याचे ३१ गुण आहेत. इतर कोणत्याहि दिवशीं हे आंकडे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकले असते.

तथापि पत्रक सर्वच सांगतें असें नाहीं. शेवटीं शेवटीं चेंबरलेनच्या हातीं चेंडू जाऊं नये म्हणून न्यूयॉर्कचे खेळाडू त्याच्या सोबत्यांवर मुद्दाम नियमभंग करूं लागले. उलट चेंडू लवकर परत मिळावा म्हणून फिलाडेल्फियाच्या खेळाडूंनींहि तोच मार्ग धरला. हा खेळ चालला होता कीं आंकड्याचा पाठलाग, याचा निर्णय पत्रकांतून होत नाहीं. शिवाय प्रतिपक्षाची फेक हवेंत अडविणें आणि त्याच्याकडून चेंडू हिरावून घेणें या दोन कृतींची नोंदच या मंडळांत १९७३-७४ पासून होऊं लागली. त्यापूर्वीं खेळाडू अडवीत नव्हते काय? अडवीत होते, रकाना नव्हता, इतकेंच.

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या घरींहि गुणपत्रिका येतात, आणि वडील मंडळींची दृष्टि एकाच आंकड्यावर खिळते. एका मुलास पेढे मिळतात, दुसऱ्यास बोलणीं. त्या वेळीं पत्रिका खालपर्यंत वाचावी, असें आमचें सांगणें आहे. ज्यास कमी गुण पडले, त्यानेंच धाकट्याला रोज गणित समजावून दिलें असेल. पहिल्या आलेल्याच्या वाटणीचीं घरकामें वर्षभर त्याच्या बहिणीनें केलीं असतील. पहांटे चारला उठून त्याच्यापुढें चहाचा पेला ठेवणाऱ्या काकूंसाठीं तर कोणत्याहि शाळेच्या पत्रिकेंत रकाना नाहीं. तो घरानें आपल्या मनांत आंखावयाचा असतो. आणि पेढ्यांचा पुडा सुटेल तेव्हां पहिला पेढा कोणाच्या हातावर ठेवावयाचा, हें त्या रकान्यांत पाहून ठरवावें.